सायनस लिफ्ट करून घेताय? या चुका टाळा

परभणी-हिंगोलीकडचे पेशंट येतात आणि म्हणतात, "दाढ काढून सात-आठ वर्षं झाली डॉक्टर, आता स्क्रू बसवा." पहिली चूक इथंच झालेली असते. वरच्या दाढांच्या माथ्यावर सायनसची हवेची पोकळी असते. दाढ गेली की हाड खालून झिजतं, वरून पोकळी उतरत येते आणि इम्प्लांटला, म्हणजे दातासाठी हाडात बसवायच्या स्क्रूला, धरायला जागाच उरत नाही. मग सायनसचं अस्तर वर उचलून खाली हाडाची पावडर भरावी लागते, तीच सायनस लिफ्ट.

साध्या ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेवर) बेत ठरवू नका. हाडाची रुंदी, सायनसमधल्या हाडाच्या भिंती, आधीपासूनची सूज हे सीबीसीटीतच (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्येच) नीट दिसतं. सायनस भरलेला असेल तर आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जावं.

"छोटंच ऑपरेशन करा" हा हट्टही नको. साधारण 5 ते 8 मिमी हाड शिल्लक असेल तर इम्प्लांटच्याच भोकातून सायनसचं अस्तर वर उचलता येतं. दंतवैद्य समर्स यांनी 1994 साली मांडलेली ऑस्टिओटोमची (हाड दाबत वर सरकवणाऱ्या हत्याराची) पद्धत हीच. हाड 4 मिमीपेक्षा कमी असेल तर बहुधा गालाच्या बाजूनं खिडकी करावी लागते. अस्तर जेमतेम 1 मिमी जाडीचं, त्यामुळे निष्णात हातांतही कधी फाटतं. छोटी फाट कोलाजेनच्या पडद्यानं झाकतात. मोठी असेल तर काम थांबवून काही महिन्यांनी पुन्हा करणं हाच शहाणपणा, तेव्हा डॉक्टरांवर रागावू नका. बरीचशी हाडाची पावडर गाय-बैलांच्या हाडापासून बनते. माळकरी मंडळींनी आधीच विचारावं, कृत्रिम पर्याय मिळतो.

सगळ्यात जास्त घोटाळा मात्र घरी गेल्यावर होतो. तुरीच्या मळणीची धूळ, त्यात सर्दी, आणि माणूस जोरात नाक शिंकरतो. त्या दाबानं अस्तर फाटून भरलेली पावडर सरकते. निदान दोन-तीन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. कपालभाती, भस्त्रिका, जलनेती बंद. चुलीवर फुंकणी, शंख, स्ट्रॉनं उसाचा रस, हेही बंद. तंबाखू आणि गुटखा तर ऑपरेशनच्या आधीपासूनच सोडा, जखमेचा रक्तपुरवठा त्यानं कमी होतो. साखर वाढलेली असेल तर ती आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

पहिले एक-दोन दिवस नाकातून थोडं रक्त आलं तर घाबरू नका. पण पाणी पिताना ते नाकात येणं, नाकातून पावडरीचे कण पडणं, घाण वास, ताप किंवा चार-पाच दिवसांनंतरही वाढत जाणारी सूज दिसली, तर गावातल्या मेडिकलवरून गोळ्या आणून दिवस ढकलू नका. एसटी पकडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.