जुन्या गाडीचे लाइट फडफडतात तेव्हा: उद्यमनगरात शिकलेलं काम

१९७२ची फियाट डिलाइट. मालक निवृत्त मास्तर, गाडी त्यांच्या वडिलांच्या हातची. टिंकरिंग-पेंटिंग होऊन नुकतीच नवी कोरी झालेली. रात्री पन्हाळ्याहून उतरताना लाइट असे फडफडले की सरांनी गाडी कडेला घेतली आणि उजाडेपर्यंत हलवली नाही. मी तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकाऊ होतो, दुसरं वर्ष. मिस्त्रींनी गाडी माझ्यावर सोपवली. मी बॉनेट उघडलं, डायनॅमोचा (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर, म्हणजे आपल्याकडचा कटआउट, काढला आणि नवा बसवला. फरक नाही. नवाच खराब असेल म्हणून तोही बदलून आणला. तरी तेच. दीड दिवस गेला.

मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "लाइट फडफडत्यात कवा? हुबी असताना, रेस दिल्यावर, का खड्ड्यात?"

मला सांगता येईना. मी गाडी चालवून बघितलीच नव्हती.

आयटीआयमधून येणाऱ्या पोरांना मी म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडीत बसवतो. अंधार पडल्यावर एक चक्कर मारायची आणि कोणकोणते दिवे एकत्र फडफडतात ते बघायचं. एकच हेडलाइट मिचमिचत असेल, तर दोष त्या दिव्याच्या होल्डरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे बॉडीला जाणाऱ्या परतीच्या जोडणीत. दोन्ही हेडलाइट हलतात पण मागचे दिवे आणि डॅशबोर्डवरचा मीटरचा दिवा स्थिर आहे, तर लाइटचा स्विच, डिपर नाहीतर फ्यूज. जुन्या फियाटचे फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते असतात, पितळी पट्ट्यांत अडकवलेले. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, पकड सैल होते आणि फ्यूज शाबूत असूनही करंट तुटत राहतो. आणि गाडीतले सगळेच दिवे एकदम नाचत असतील, तर बॅटरीची टर्मिनल, मुख्य अर्थ, डायनॅमो आणि कटआउट.

डायनॅमोच्या गाडीचा स्वभाव वेगळा, हे नव्या पोरांना माहीत नसतं. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन हळू चालताना, डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, लाइट मंद होतात, रेस दिली की उजळतात. हे थोडंफार चालायचंच. पण रेससोबत लाइट भराभर थरथरायला लागले तर डायनॅमोचे कार्बन, ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर किंवा कटआउटचे पॉइंट बघायचे. फॅनबेल्ट आधीच तपासलेला असावा. बोटानं दाबून साधारण सेंटिमीटरभर दबला तर ठीक.

आता व्होल्ट मोजायचा मीटर. इथे सगळे फसतात, मीही फसलो होतो. वायर काढून मीटर लावला की बारा व्होल्ट दिसतात आणि आपण म्हणतो, वायर चांगली आहे. मीटर करंट जवळपास घेतच नाही. दहातली एक तार शिल्लक असली तरी तो बाराच दाखवणार. म्हणून लाइट चालू ठेवून, लोडवर मोजायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी हेडलाइटच्या अर्थवर. चांगल्या अर्थिंगला आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहतो. मग तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या पिनपर्यंत. मध्ये स्विच, डिपर, फ्यूज येतात, तेव्हा अर्धा व्होल्ट समजून घेता येतो, त्यापुढे नाही. ४५ वॅटचे दोन बल्ब साडेसात अँपिअर ओढतात, वाटेत ०.१ ओहमचा गंज असला तरी पाऊण व्होल्ट तिथेच जळतो. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. घाटात तो फरक जीवावर येतो.

मीटरसोबत २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बचा टेस्ट लॅम्प स्वतः बनवून खिशात ठेवा. तो पावणेदोन अँपिअर घेतो, त्यामुळे कमजोर वायर त्याच्यापुढे लपत नाही.

सरांच्या फियाटवर मिस्त्रींनी हेच केलं. इंजिन चालू, लाइट चालू, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी कटआउटच्या पत्र्यावर. आकडा स्थिर राहीना. अर्ध्यावरून दीडवर उडी, पुन्हा खाली. कटआउटला अर्थ त्याच्या बोल्टमधूनच मिळतो, आणि पेंटरनं फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, छान जाड रंग मारला होता. मी दोन्ही नवे कटआउट त्याच रंगावर आवळले होते. अर्थ तुटला की कटआउटला व्होल्टेज कळत नाही, डायनॅमो वरखाली होतो आणि सगळे दिवे त्याच्याबरोबर. बोल्टभोवतीचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर टाकला, आवळून वरून व्हॅसलीन लावलं. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टीही काढून साफ केली. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ही पट्टी तुटली की स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो. सेल मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर आधी पट्टी बघा.

काही गोष्टी जपा. काम सुरू करताना बॅटरीची अर्थची वायर पहिल्यांदा काढा, आणि आधी पोलॅरिटी बघा, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो. चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपसून चार्जिंग तपासायची जुनी सवय डायनॅमोऐवजी अल्टरनेटर असलेल्या नव्या गाडीवर अजिबात वापरू नका, त्यातले डायोड जळून जातात. आणि गिऱ्हाइकानं कितीही आग्रह केला तरी जुन्या स्विचवर सरळ १०० वॅटचे बल्ब चढवू नका. सगळा करंट त्या स्विचमधून जातो. मोठे बल्ब हवेतच तर रिले (स्विचच्या इशाऱ्यावर जास्त करंट जोडणारा वेगळा स्विच) आणि जाड वायर.

त्या रात्री रंकाळ्याला चक्कर मारली, मी चालवत आणि सर शेजारी. प्रत्येक स्पीडब्रेकरवर त्यांची नजर झोताकडेच होती. तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीचा मूळ कटआउट मी परत बसवला, तो चांगलाच होता. मिस्त्रींनी नव्या दोघांचे पैसे सरांच्या बिलात धरले नाहीत.