शिआन एका दिवसात पायी पाहायचंय? या चुका टाळा

चीनमधल्या शिआनला जाणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीशी पुरलेले मातीचे सैनिक असतात. त्यामुळे पहिली चूक घरी बसूनच होते: सकाळी सैनिक, दुपारी तटबंदी, संध्याकाळी मुस्लिम मोहल्ला. पण सैनिक शहरात नाहीत, पूर्वेला पस्तीसेक किलोमीटरवर लिनथोंगमध्ये आहेत. जाणं-येणं आणि रांगा यांत अर्ध्याहून जास्त दिवस जातो आणि शहरात नुसती हजेरी लागते. त्यांना वेगळा दिवस द्या. पायी फिरायच्या दिवशी तटबंदीच्या आतच राहा.

मग मोठ्या रानहंस पॅगोडाचं, म्हणजे तिथल्या जुन्या बौद्ध मनोऱ्याचं काय? नकाशात तो जवळ दिसतो, म्हणून लोक चालत निघतात. दक्षिण वेशीपासून तो सुमारे चार किलोमीटर आहे आणि वाटेत बघण्यासारखं फारसं नाही. मुळात हा पॅगोडा शहराच्या आत होता. तांग काळातली (सातवं ते दहावं शतक) राजधानी सुमारे ८४ चौरस किलोमीटरची होती. आजची तटबंदी मिंग राजवटीची, १३७० च्या दशकातली. तिच्या आत त्या राजधानीचा जेमतेम सातवा हिस्सा मावतो. शहर आकसलं, पॅगोडा बाहेर राहिला. मराठी माणसाने तो चुकवू नये असं मला वाटतं. इ.स. ६५२ मध्ये तो बांधला गेला तो ह्युएनत्संगाने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांना मानी म्हणणारा तोच हा प्रवासी. फक्त तिथे संध्याकाळी मेट्रोने जा: २ नंबरच्या मार्गाने शियाओचाय, तिथे बदलून ३ नंबरने पुढचंच स्टेशन.

तटबंदीवर चढलं की पूर्ण फेरी मारायची हुक्की येते. फेरी १३.७ किलोमीटरची आहे, वर सावली जवळजवळ नाही आणि उन्हाळ्यात विटा तापतात. फेरीच हवी असेल तर वर भाड्याने सायकली मिळतात. पायी जाणाऱ्यांनी योंगनिंग दरवाजातून, म्हणजे दक्षिण वेशीतून, चढावं आणि पूर्वेकडे चालत वनछांग दरवाजाला उतरावं.

उतरल्यावर समोरच बेइलिन, शिलालेखांचं संग्रहालय. “नुसते दगड आहेत” म्हणून लोक ते गाळतात. सगळ्या दिवसातली ही सगळ्यात वाईट चूक. १०८७ साली सुरू झालेला हा संग्रह. नकला करताना ग्रंथांत चुका शिरू नयेत म्हणून इ.स. ८३७ मध्ये कन्फ्यूशियन ग्रंथ ११४ शिळांवर कोरून ठेवले, त्या शिळा इथे उभ्या आहेत. शिवाय इ.स. ७८१ चा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका ख्रिस्ती पंथाचा लेख: माथ्यावर क्रूस, खाली चिनी मजकूर आणि सोबत पश्चिम आशियातली सिरियाक लिपी. चिनी वाचता येत नसेल तरी या दोन गोष्टी शोधून बघाच. बाकी दालनं भरभर उरकली तरी चालतील.

मुस्लिम मोहल्ल्यात मोठी मशीद न सापडल्याची तक्रार नेहमीची. कारण लोक नेहमीच्या रूपातले घुमट आणि मिनार शोधतात, आणि इथे तसे नाहीतच. ह्वाजुए गल्लीत, शोभेच्या वस्तूंच्या दुकानांमागे, लाकडी छपरांची आणि एकामागून एक अंगणांची ही वास्तू चिनी मंदिरासारखीच दिसते. फरक दिशेचा. चिनी मंदिरांचा अक्ष सहसा उत्तर-दक्षिण, हिचा पूर्व-पश्चिम, कारण मक्का पश्चिमेला. मुस्लिमेतरांना नमाजाच्या दालनात प्रवेश नाही.

खाण्यात घोळ होतो तो ‘हलाल’ पाटीमुळे. डुक्कर नाही एवढाच तिचा भरवसा. गोमांस मात्र भरपूर असतं. ‘मांस नको’ म्हटलं तर तुकडे काढून रस्सा तोच मिळतो. “मी मांस आणि मांसाचा रस्सा खात नाही” हे वाक्य चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा. शाकाहाऱ्यांना ल्यांगपी, म्हणजे मिरचीच्या तेलातल्या थंड रुंद शेवया, सहसा चालतात. पाओमो, म्हणजे मांसाच्या रश्शात कुस्करलेला पाव, खाणाऱ्यांनी पाव हाताने अगदी बारीक कुस्करावा, मोठे तुकडे आत कोरडे राहतात. आणि बेइयुआनमनच्या मुख्य रस्त्यावरच पोट भरू नका; बाजूच्या गल्ल्यांत गर्दी स्थानिकांची असते.

अडलंच तर:

पैसे जात नाहीत? यूपीआय आणि रुपेवर विसंबू नका. अलीपे या चिनी पेमेंट ॲपला व्हिसा किंवा मास्टरकार्ड भारतातच जोडून घ्या, थोडे युआन खिशात ठेवा.

नकाशा तुम्हाला भलत्याच गल्लीत दाखवतोय? गूगलचा नकाशा तिथे भरवशाचा नाही, अ‍ॅमॅप हे चिनी नकाशा ॲप वापरा. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप बंद असतं. भारतीय रोमिंगवर सहसा चालतं.

शान्शी इतिहास संग्रहालयाचं तिकीट संपलं? सोमवारी ते बंदच असतं, इतर दिवशीही आधी नोंदणी लागते, आणि पासपोर्ट जवळ हवाच. तिकीट नसेल तर दाराशी ताटकळू नका, छोट्या रानहंस पॅगोडाकडे वळा. समुद्रमार्गे नालंदेला गेलेल्या यीजिंग या चिनी भिक्षूच्या पोथ्या तिथे ठेवल्या होत्या, आणि मोठ्या पॅगोडापेक्षा तिथे गर्दी कितीतरी कमी.