जुना तांब्याचा बंब कमी लाकडात तापवायचा असेल तर

सांगली साताऱ्याकडं थंडी पडली की माळ्यावरचे बंब खाली येतात आणि मग ऐकायला मिळतं की बंब लई लाकूड खातो. बंब जुना म्हणून खात नाही ओ, त्याची साफसफाई नसते म्हणून खातो.

पहिलं काम मधल्या नळीचं. आत काजळीचा थर बसला की आच पाण्यापर्यंत पोचतच नाय, सगळी वरनं निघून जाते. बंब गार असताना जुना झाडू किंवा काठीला काथ्या बांधून वरनं खालपर्यंत नळी घासून काढा, खालची जाळी पण मोकळी करा, राख साचली की हवा कोंडते आणि नुसता धूर होतो.

बोअरचं पाणी असेल तर आत पांढरा खर बसतो, तो पण आच अडवतो. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून चार-पाच तास ठेवा, मग तोटीतनं सोडून दोनदा खळबळून घ्या.

लाकूड वाळलेलंच पाहिजे, ओल्या बाभळीची बरीच आच तिचंच पाणी आटवण्यात जाते. मनगटापेक्षा बारीक ढलप्या करा, पेटवायला तुराट्या नायतर मक्याची बुरकुंडं बेस्ट. नुसते निखारे उरले की नळीचं तोंड अर्धं झाका, पूर्ण कधीच नको.

आणि हे मनावर घ्याच, रिकामा बंब पेटवू नका, डाग दिलेले सांधे सुटतात. बंद न्हाणीघरात तर अजिबात नको, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न येता जीव घेतो.