दोन दिवस साताऱ्यात, सोबत लहान मुलं

पाच-सहा वर्षांचं मूल दिवसाला एकच ठिकाण मन लावून बघतं. दुसऱ्या ठिकाणी ते पेंगायला लागतं आणि तिसऱ्या ठिकाणी कडेवर रडत असतं. साताऱ्याची सहल फसते ती बहुतेक इथेच. शनिवारी सज्जनगड, ठोसेघर आणि अजिंक्यतारा, रविवारी कास, आणि ‘आलोच आहोत तर महाबळेश्वरही’ हा बेत कॉलेजच्या पोरांचा आहे. सोबत लहानगं असेल तर सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारी खोलीवर झोप आणि संध्याकाळी शहरातच काहीतरी छोटं, एवढंच ठेवा. सातारा याला फार सोयीचा आहे, कारण शहरातून निघालं की अर्ध्या-पाऊण तासात किल्ला, देऊळ, नदी किंवा पठार गाठता येतं. दुपारी खोलीवर परतणं इथे जमतं.

आधी महिना ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ लहान मुलांसाठी सर्वांत चांगला. ऊन सोसवतं, रस्ते कोरडे असतात आणि पहाटेचा गारवा स्वेटरवर भागतो. एप्रिल-मे मध्ये साडेदहानंतर बाहेर पडू नका. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो, पण कासच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटात दरड कोसळू शकते, धुकं उतरलं की पाच हातांवरचं दिसत नाही आणि ओलं झालेलं मूल तासाभरात कुडकुडायला लागतं. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर जुलै-ऑगस्टची सहल पुढे ढकला.

प्रवास

पुण्याहून सातारा साधारण 110 किलोमीटर. शनिवारी सकाळी सहाच्या आत कात्रजचा बोगदा पार करा. उशीर झाला की खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासूनच गाड्या खोळंबतात. मूल पाच वाजता उठवून अंघोळ-नाश्ता करायच्या भरीला पडू नका. रात्रीच्या कपड्यांवर, पांघरुणासकट गाडीत ठेवा आणि शिरवळच्या आसपास थांबून तोंड धुवा, खायला घाला. मात्र खंबाटकी घाटाच्या लगेच आधी पोटभर दूध देऊ नका. वळणांवर मुलांना ढवळतं त्याचं कारण पोटाइतकंच डोळ्यांत असतं. नजर मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेली असते आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र शरीर हलतंय असं सांगत असते. म्हणून घाटात मोबाइल बंद, काच थोडी खाली आणि नजर लांबच्या डोंगरावर. सोबत कोरडी पोळी किंवा बिस्किटं पुरतात. दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या, ओला रुमाल आणि एक जोड कपडे पुढच्या सीटखाली असू द्या. डिकीत ठेवले तर गरजेच्या वेळी गाडी बाजूला घेईपर्यंत उशीर झालेला असतो. मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नका. मागे त्याच्या वजनाला साजेशा चाइल्ड सीटवर बसवा.

स्वारगेटवरून एसटीच्या विनाथांबा गाड्या मिळतात. एसटीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वयाला अर्धं आणि महिलांनाही मार्च 2023 पासून अर्धं. त्यामुळे चौघांचं कुटुंब अपेक्षेपेक्षा स्वस्तात जातं. ज्याचं तिकीट काढलं नाही त्याला वेगळी जागाही नसते, हे लक्षात ठेवा. तीन तास धष्टपुष्ट चार वर्षांचं पोर मांडीवर घेणं अवघड जातं, म्हणून तिघांच्या बाकावर एक जागा जास्तीची घेतलेली बरी. रेल्वेचा प्रवास मुलांना जास्त आवडतो, पण सातारा स्टेशन शहराबाहेर, माहुलीच्या बाजूला आहे. उतरल्यावर रिक्षाचं भाडं आधी ठरवा.

राहायची जागा

पोवई नाका किंवा गोडोलीच्या बाजूला राहिलात तर औषधाचं दुकान, दूध, रिक्षा सगळं हाताशी असतं. राजवाड्याजवळ बाजाराची मजा असते, पण गल्ल्या अरुंद आणि गाडी लावायची पंचाईत. कासच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टांमधून खाली शहर सुंदर दिसतं. मात्र रात्री दहाला मुलाला ताप आला तर घाट उतरावा लागतो. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर शहरातच राहा.

खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारा. गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं? सोलर असेल तर अनेक ठिकाणी ते सकाळीच संपतं. खिडकीला गज आहेत का? जमिनीवर टाकायला जास्तीची गादी मिळेल का? रात्री नऊला मऊ भात आणि गरम दूध मिळेल का? बाल्कनी असेल तर पोचल्यावर कठड्याच्या गजांमधलं अंतर बघा. चार इंचांपेक्षा जास्त फट असेल तर लहान मूल त्यात डोकं घालू शकतं. मग बाल्कनीचं दार कायम बंद आणि वरची कडी लावलेली. खुर्ची-टेबलही कठड्यापासून लांब सरकवा.

काय बघायचं

जाताना वाटेत लिंब गावची बारा मोटेची विहीर आहे. आनेवाडीचा टोल ओलांडल्यावर सातारा यायच्या आधी महामार्गावरून आत वळायचं, फार लांब नाही. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 मध्ये वीरूबाई भोसले यांनी ही बांधली. अष्टकोनी, सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट व्यासाची. पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीतच महाल लागतो. मोट काय असते हे मुलांना वाटेतच सांगून ठेवा, म्हणजे वर मोटा चालवायच्या जागा दाखवल्यावर त्यांना लगेच कळतं. वरच्या कडेला आणि महालाच्या खिडक्यांपाशी मात्र मूल कडेवर घ्या. इथे धावण्याची मोकळीक नाही. अर्धा तास पुरे.

शनिवारी संध्याकाळी अजिंक्यतारा. गाडी दरवाजाच्या जवळपर्यंत जाते, रस्ता चढाचा आणि वळणांचा आहे. उतरताना पहिला-दुसरा गिअर ठेवा, ब्रेकवर गाडी सोडू नका. 1708 साली छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, तेव्हापासून या डोंगराखालचं गाव राजधानी झालं. लहान मुलांना सनावळ्या नकोत. तटावरून खालचं शहर दाखवून आपलं हॉटेल शोधायला सांगा, अर्धा तास सहज जातो. मग समोर यवतेश्वरचा डोंगर, लांब सज्जनगड, पलीकडे जरंडेश्वर ओळखायला लावा. तटाला काही ठिकाणी कठडा नाही. मुलाचं बोट धरू नका, मनगट धरा. बोट घामानं सुटतं. अंधार पडायच्या आधी वीस मिनिटं खाली निघायला सुरुवात करा आणि एक विजेरी जवळ ठेवा. एवढं चढणं नको असेल तर ‘चार भिंती’ या स्मारकावरूनही शहराचा चांगला नजारा दिसतो.

रविवारी सकाळी सज्जनगड किंवा ठोसेघर, यांपैकी एकच. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, म्हणून मोह होतो. पावसाळा नसेल तर ठोसेघरला जाण्यात अर्थ नाही. धबधबा उन्हाळ्यात आटलेला असतो. भर पावसात कधी कधी समोर नुसतं पांढरं धुकं असतं. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं थांबा, वाऱ्यानं पडदा सरकतो. बघण्याच्या गॅलरीपर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्या निसरड्या होतात, तेव्हा मुलाच्या पायात पट्ट्याचे सँडल हवेत. चपला नकोत.

सज्जनगडावर वाहनतळापासून पायऱ्या आहेत. मुलांना मोजायला लावा, प्रत्येक पन्नासावर घोटभर पाणी. मधल्या टप्प्यांवर बसता येतं. बाबागाडी न्यायचा विचार सोडा. दोन वर्षांच्या मुलासाठी पाठीवरचं किंवा छातीवरचं कॅरिअर घ्या. साडेनऊच्या सुमारास चढायला लागलात तर समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन, दरवाजे आणि खालचा उरमोडीचा जलाशय बघून दुपारच्या महाप्रसादाला पंगतीत बसता येतं. तिथलं साधं जेवण मुलांना नीट जातं. माकडं असतात, त्यामुळे खाऊची पिशवी मुलाच्या हातात देऊ नका.

कासचं पठार ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच बघण्यासारखं. शहरापासून सुमारे 25 किलोमीटर. फुलांच्या दिवसांत ऑनलाइन नोंदणी आधी करा. शनिवार-रविवार लवकर भरतात. चार वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे फारसं काही मिळत नाही. सावली नाही, वारा इतका की छत्री उलटी होते, आणि फुलं तोडायची नाहीत, त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही, हे त्या वयाला सांगून उपयोग नसतो. पाच वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी मात्र मेजवानी आहे. फुलांच्या गालिच्यापेक्षा त्यांना दवबिंदू नावाचं रोप शोधून द्या. वाटेच्या कडेला उकिडवं बसून बघा: बोटाच्या पेराएवढं लालसर रोप, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला मधासारखा चिकट थेंब. एखादा बारीक किडा त्यात अडकलेला असतो. वनस्पती किडा खाते हे एकदा बघितलेलं मूल ते घरी जाऊन दहा जणांना सांगतं. रेनकोट घ्या, आणि गाडीत कोरडे मोजे ठेवा.

संध्याकाळच्या छोट्या फेरीसाठी संगम माहुली छान. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी इथे आहे, आणि त्यानं महाराजांना वाघापासून वाचवल्याची गोष्ट सांगितली जाते. ही गोष्ट जाताना गाडीत सांगितलीत तर मुलं पोचल्याबरोबर आधी खंड्यालाच शोधतात. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. शेवटच्या कोरड्या पायरीच्या पुढे मोठ्यांनीही जाऊ नये. रेल्वेनं आला असाल तर परतीला स्टेशनवर जाताना माहुली वाटेतच पडते.

खाणं आणि पिशवी

राजवाड्याजवळच्या चौपाटीवर संध्याकाळी गर्दी असते. सातारी हात तिखटाला सढळ. ‘कमी तिखट’ म्हटलं तरी मुलाला झणझणीत लागतं, म्हणून ‘बिनतिखट’ म्हणा आणि आधी स्वतः चाखा. मुलांना साडेसहाला जेवू घाला, आठला नको. तोपर्यंत भूक मरते आणि चिडचिड वाढते. वाटेत हिवाळ्यात स्ट्रॉबेरी घेतलीत तर धुतल्याशिवाय देऊ नका.

कपडे दिवसाला दोन जोड आणि वर एक. पाणी प्रत्येक फेरीला मुलामागे अर्धा लिटर, घरचं किंवा सीलबंद. ओआरएसची पुडी, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची. कमी पाण्यात घट्ट केली तर जुलाब वाढू शकतात. तापाचं औषध डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा लिहून घेऊनच, सोबत मोजायचं टोपण. थर्मामीटर, चिकटपट्टी, नेहमीची उशी किंवा गोधडी. अनोळखी खोलीत मूल झोपत नाही त्यावर घरच्या गोधडीचा वास हा खात्रीचा उपाय आहे. मुलाच्या खिशात तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

रविवारी दोन-अडीचला परतीला लागा. मुलाची दुपारची झोप गाडीत होते, आणि संध्याकाळची गर्दी लागायच्या आत तुम्ही कात्रजला पोचता. कंदी पेढे निघायच्या आधी घ्या, शनिवारी नको; उन्हात तापलेल्या गाडीत ते लवकर खराब होतात. पुठ्ठ्याच्या खोक्यातच ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटतो. खोकं मुलाच्या हाताला लागणार नाही असं, पण डिकीत नको, पायापाशी सावलीत.