नागपुरात मॉडेल रेल्वे बनवून राहिले? मग या चुका टाळा

डिसेंबरात टाकलेला सरळ ट्रॅक मे महिन्यात मधातून वाकून बाहेर आला आणि इंजिन तिथं गेलं की रुळावरून उतरून राहिलं, हा अनुभव माझा आहे आणि नागपुरात ज्यानं ज्यानं वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत लेआउट (बोर्डावर बसवलेली पूर्ण छोटी रेल्वे) मांडला त्याला हा एकदा तरी येतोच. मला वाटलं ट्रॅक स्वस्तातला घेतला म्हणून झालं. तसं नव्हतं. ट्रॅक चांगला होता, मीच जॉइंटला जागा सोडली नव्हती. बाहेरचे व्हिडिओ पाहून आपण शिकतो, पण ते लोक एसी-हीटरच्या बेसमेंटमध्ये बसून बनवतात, आणि आपल्या गावात २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर गेला होता आणि २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ वर. तर सगळ्यात मोठी चूक हीच की आपल्या हवेचा विचार न करता बनवणं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

निकल सिल्व्हरचा रूळ एका अंशाला एका मीटरमागे साधारण १७ मायक्रॉन वाढतो. ऐकायला काहीच नाही, पण खोलीचं तापमान हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ३५ अंशांनी बदललं तर तीन मीटरच्या सरळ लाइनीत पावणेदोन मिलिमीटर वाढ होते, आणि तिला जागा नाही मिळाली तर ती बाजूला निघते. फ्लेक्स ट्रॅकचा (हातानं वाकवता येतो त्या ट्रॅकचा) एक तुकडा साधारण ९१ सेंमीचा असतो, म्हणजे दर जॉइंटला अर्धा मिलिमीटर, जाड व्हिजिटिंग कार्ड आत जाईल एवढी फट थंडीत सोडायची. मे महिन्यात टाकून राहिले असाल तर जॉइंट जवळजवळ भिडवून टाका. हां, वळणावर मात्र फट ठेवू नका, तिथं जॉइंट सोल्डर करून घ्या नाहीतर वळणाला कोपरा पडतो आणि डबे तिथंच उतरतात. फट सरळ भागात ठेवायची.

पण खरं सांगू का, रुळापेक्षा जास्त त्रास लाकूड देतं आणि त्यामागं असतो आपला कूलर. दिवसभर कोरडी गरम हवा, संध्याकाळी कूलर लावला की ओली हवा, आणि हे रोज, दोन-अडीच महिने. लकडगंजमधून आणलेला प्लाय कितीही चांगला असो, कापलेली कड उघडी राहिली तर तो पाणी ओढतो, फुगतो, परत सुकतो, आणि वरचा ट्रॅक त्याच्यासोबत हलत राहतो. मी पहिल्या वेळी फक्त वरची बाजू रंगवली होती, खालून कोण पाहतं म्हणून सोडली, आणि पूर्ण बोर्ड वाटीसारखा वाकला. तर १२ एमएमचा प्लाय घ्या, दोन्ही बाजू आणि चारही कडा प्रायमर आणि ऑइल पेंटनं बंद करा, खाली दर ४० सेंमीवर पट्टी ठोका. एमडीएफ शक्यतो टाळाच, ओल लागली की त्याची कड फुगते आणि परत बसत नाही. आणि कूलरचं तोंड लेआउटकडं ठेवू नका, एवढं एक जरी पाळलं तरी कार्डशीटच्या बिल्डिंगा सरळ उभ्या राहतील.

आता स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या किती पट लहान ते. इथं लोक फार घाई करतात. एचओ म्हणजे १:८७ आणि ओओ म्हणजे १:७६, दोन्हीच्या ट्रॅकचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ एमएम असल्यामुळे दुकानात ते सोबत ठेवलेले असतात आणि आपण मिसळून घेतो, मग स्टेशनचा दरवाजा डब्याच्या दरवाज्यापेक्षा लहान दिसतो आणि काहून दिसून राहिला ते कळत नाही. एक ठरवा आणि त्यालाच धरून राहा. दुसरं, आपला ब्रॉडगेज १६७६ एमएमचा, तो १:८७ मध्ये १९ एमएमच्या वर जातो, म्हणजे बाजारातल्या ट्रॅकवर आपली गाडी थोडी रुंद दिसणारच. ते मान्य करून पुढं जा.

त्याहून मोठी गोष्ट लांबीची आहे. एलएचबीचा (आजकालच्या एक्सप्रेस गाड्यांचा) डबा खऱ्यात २४ मीटर, म्हणजे एचओमध्ये साडेसत्तावीस सेंमी. २२ डब्यांची गाडी नुसती उभी करायलाच सहा मीटर लागतात! आणि वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट पाहिजे, म्हणजे ८२-८३ सेंमी, जी आठ बाय चारच्या प्लायवर बसत नाही. सेटमध्ये येतं ते ४५ सेंमीचं वळण, त्यावर मोठे डबे लटकल्यासारखे दिसतात आणि डबे जोडणारे कपलर ओढले जाऊन गाडी आतल्या बाजूला पडते. उलटसुलट वळण लागोपाठ आलं, इंग्रजी एससारखं, तर मधात एका डब्याएवढा सरळ तुकडा टाका. चढाचंही तसंच आहे, एक लाइन दुसरीवरून न्यायची तर साडेसात सेंमी तरी उंची लागते, दोन टक्के चढानं तेवढं चढायला पावणेचार मीटर पाहिजे. जागा नसेल तर पूल सोडून द्या.

मी शेवटी काय केलं ते सांगतो, कारण माझ्या मते नागपूरकरासाठी याच्याइतकं चांगलं काही नाही. आपल्या नॅरोगेजचा गेज ७६२ एमएम. त्याला ८७ नं भागा, पावणेनऊ एमएम येतो, आणि एन स्केलचा (एचओपेक्षा लहान मॉडेलांचा) ट्रॅक आहे ९ एमएमचा! म्हणजे एन स्केलचा ट्रॅक आणि त्याच स्केलच्या इंजिनाची चेसिस घ्यायची, वर १:८७ ची बॉडी कार्डशीट किंवा प्लास्टिक शीटची बनवायची, झाली तुमची इतवारी-नागभीड लाइन. डबे लहान असल्यामुळे २५-३० सेंमीच्या वळणावर आरामात फिरतात, वर ओव्हरहेड वायर नाही, गाडीही छोटी. ही गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. उमरेड, भिवापूरकडच्या कितीतरी लोकांनी ती रोज पकडली आहे, आणि आता ती कुणी तरी टेबलावर का होईना चालती ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मापं घ्यायची असतील तर कडबी चौकाजवळ मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम आहे, २००२ पासून. तिथं जाऊन चाकं, बफर, दरवाज्याचे कडी-कोयंडे सगळ्याचे फोटो काढा, सोबत एक पट्टी धरून, म्हणजे घरी आल्यावर माप काढता येतं. इंटरनेटवरच्या एका फोटोवरून अंदाजानं बनवू नका, छताचा गोलावा हमखास चुकतो.

वायरिंगमध्ये एकच चूक नव्वद टक्के त्रास देते, ती म्हणजे दोनच वायर लावून बाकी करंट फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) भरवशावर सोडणं. पहिले सहा महिने चालतं. मग धूळ बसते, फिशप्लेट ढिल्या होतात, गाडी लांबच्या टोकाला गेली की मरगळते. घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची लाल-काळी वायर बोर्डाखालून पूर्ण फिरवा आणि दर मीटरला बारीक वायरनं रुळाला सोल्डर करा. सोल्डरला रोझिन फ्लक्सच वापरा, ॲसिडवालं वापरलं तर जॉइंटला हिरवं चढतं. गाडी एकाच जागी थांबत असेल तर दोष त्या जागच्या जॉइंटचा, सगळीकडे झटके देत असेल तर चाकं मळलेली, आणि एकच डबा प्रत्येक पॉइंटवर (गाडी लाइन बदलते त्या जागी) उतरत असेल तर पॉइंटला हात लावू नका, त्या डब्याच्या चाकांमधलं अंतर मोजा. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. पॉलिश पेपर नाही, त्यानं बारीक रेघा पडतात आणि त्यातच काळं साचतं.

आणि अमेरिकेतून कुणी नातेवाइकानं सेट आणला असेल तर थांबा. त्याचा पॉवर पॅक १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० च्या प्लगमध्ये लावला की ट्रान्सफॉर्मर जळतो, धूर निघतो. मागची पट्टी वाचा, आणि स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावा किंवा पॅकच इथला घ्या.

सीनरीकडे येतो. थर्माकोलचे डोंगर करताना सॉल्व्हंटवाला डिंक किंवा स्प्रे पेंट मारला तर तो डोळ्यासमोर विरघळतो, साधा पांढरा फेविकॉलच वापरा. गिट्टीसाठी लोक जाडी रेती टाकतात. खरी गिट्टी साधारण २०-६५ एमएमची, म्हणजे आपल्याला पाव ते पाऊण एमएमचा दाणा पाहिजे. बांधकामावरची चुरी चहाच्या गाळणीतून काढा, मग बारीक धूळ कापडातून झटका, आणि मग चुंबक फिरवा, हे विसरू नका. आपल्या काळ्या दगडात आणि कन्हानच्या रेतीत लोहाचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरीला जाऊन चिकटतात आणि मोटर खराब होते. गिट्टी पसरली की आधी पाण्यात दोन थेंब भांड्याचं लिक्विड टाकून फवारा, मग एक भाग फेविकॉल, दोन-तीन भाग पाणी ड्रॉपरनं सोडा. पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांजवळ गिट्टी टाकायचीच नाही, तिथं फक्त रंग. आधी पात्याच्या बिजागरीला तेलाचा एक थेंब लावून ठेवला तर डिंक चिकटत नाही.

रंगाचं तर काय सांगू, सगळे लेआउट हिरवेगार! बाहेरच्या गवताच्या मॅट आणून टाकतात आणि मग स्टेशनवर उमरेड लिहितात. एप्रिलमध्ये उमरेड रोडनं जाऊन पाहा, गवत पिवळं-तपकिरी, साग पूर्ण उघडा, माती काळी आणि तिला भेगा. महिना आधी ठरवा. फेब्रुवारी-मार्च घेतला तर पळस फुलवता येतो, वाळकी काडी, त्यावर केशरी रंगवलेला बारीक भुसा, एकही पान नाही. संत्र्याची बाग करायची असेल तर झाडं कुठंही रोवू नका, बागेत ती सहा मीटरवर सरळ रांगेत असतात, म्हणजे सात सेंमीवर एक झाड, उंची पाच-सहा सेंमी, आणि पान गडद हिरवं, पोपटी नाही. मधातली जमीन वखरलेली दिसली पाहिजे, जुना कंगवा ओल्या मातीच्या लेपावरून एकदाच फिरवा, तास बरोबर उठतात.