तेलाच्या बॉयलरकडून हीट पंपाकडे : न्यू इंग्लंडमधील घरमालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन, न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट या राज्यांत आजही लाखो घरे तेल जाळून उबदार ठेवली जातात. बेसमेंटमध्ये २७५ गॅलनची लोखंडी टाकी, तिच्या शेजारी बॉयलर (पाणी तापवणारा) किंवा फर्नेस (हवा तापवणारी भट्टी) आणि हिवाळाभर अधूनमधून येणारा तेलाचा ट्रक ही व्यवस्था बॉस्टनच्या आसपास जुने घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्याही वाट्याला येते. एक गॅलन तेल जळले की सुमारे १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बॉयलर म्हातारा झाला असेल, तर त्याच्या जागी पुन्हा तेलाचाच बॉयलर बसवणे म्हणजे पुढची वीस-पंचवीस वर्षे याच इंधनाशी बांधून घेणे होय.

हीट पंप हे यंत्र आपल्याला अनोळखी नाही. भारतात घरोघरी दिसणारा स्प्लिट एसी घरातील उष्णता बाहेर टाकतो, आणि हीट पंप हिवाळ्यात हेच काम उलट दिशेने करतो. गोठवणाऱ्या हवेतही उष्णता असतेच. यंत्रातील रेफ्रिजरंट (नळ्यांतून फिरणारा शीतक पदार्थ) ती शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याच्यावर दाब देऊन तापमान वाढवतो आणि ती उष्णता घरात सोडली जाते. वीज येथे उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर ती वाहून आणण्यासाठी खर्च होते, म्हणून एका युनिट विजेत संपूर्ण हंगामाच्या सरासरीने अडीच ते तीन युनिट उष्णता मिळू शकते. कडाक्याच्या थंडीत ही यंत्रे चालत नाहीत, हा समज जुन्या यंत्रांपुरता खरा होता. मेनसारख्या अतिथंड राज्याने २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवण्याचे उद्दिष्ट २०१९ मध्ये ठरवले आणि ते २०२३ मध्येच गाठले.

तरीही या बदलात निराश झालेली माणसे भेटतात, आणि त्यांची तक्रार तपासली तर दोष बहुधा यंत्राचा नसून कामाच्या क्रमाचा असतो. घर न मोजता यंत्र निवडले गेलेले असते. म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नये.

१. तेलाच्या पावत्यांवरून घराची गरज काढा

मागील दोन-तीन वर्षांच्या तेलाच्या पावत्या एकत्र करा आणि वर्षाला सरासरी किती गॅलन लागतात ते काढा. तोच बॉयलर नळाचे गरम पाणीही पुरवत असेल, तर उन्हाळ्यातील वापरावरून पाण्यासाठी लागणाऱ्या तेलाचा अंदाज बांधून तो वजा करा. समजा, वर्षाला ८५० गॅलन लागतात आणि त्यांपैकी १५० पाण्यासाठी जातात. म्हणजे घर तापवण्यासाठी ७०० गॅलन उरतात. एका गॅलनमध्ये सुमारे १,३८,५०० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता असते आणि जुना बॉयलर त्यातील साधारण ८२ टक्के घरापर्यंत पोहोचवतो असे धरले, तर वर्षभरात घराला सुमारे ७ कोटी ९५ लाख बीटीयू लागले.

आता हवामानाचा हिशेब. दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरेनहाइटपेक्षा जितके अंश खाली असेल, तितके त्या दिवसाचे डिग्री-डे मोजतात, आणि बॉस्टनमध्ये वर्षाची ही बेरीज सुमारे ५,६०० होते. वरील उष्णतेला ५,६०० ने आणि नंतर २४ तासांनी भागल्यास बाहेरचे तापमान एक अंश उतरले की घराला ताशी सुमारे ५९० बीटीयू जास्त लागतात, असे उत्तर येते. बॉस्टन परिसरात आखणीसाठी धरले जाणारे थंडीचे तापमान साधारण १२ अंश फॅरेनहाइट, म्हणजे उणे ११ अंश सेल्सिअस आहे. ६५ आणि १२ यांतील ५३ अंशांच्या फरकाने गुणले, की कडाक्याच्या दिवसाची गरज ताशी सुमारे ३१,००० बीटीयू, म्हणजे १२,००० बीटीयूचा एक टन या हिशेबाने २.६ टन ठरते.

हा आकडा हाताशी असणे फार मोलाचे आहे. बेसमेंटमधील बॉयलरच्या पट्टीवर अनेकदा एक लाख बीटीयूपेक्षा जास्त क्षमता लिहिलेली असते, आणि केवळ ती पट्टी किंवा घराचे चौरस फूट पाहून कोणी पाच टनांचे यंत्र सुचवले, तर तुम्हाला लगेच प्रश्न विचारता येतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र सौम्य थंडीच्या दिवसांत सतत चालू-बंद होते, वीज वाया घालवते आणि लवकर झिजते. हिवाळ्याचा बहुतांश काळ अशाच सौम्य थंडीचा असतो. पावत्यांचा हा हिशेब ढोबळ आहे. अंतिम निवडीसाठी कंत्राटदाराने ‘मॅन्युअल जे’ या घराची उष्णतेची गरज मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीने प्रत्येक खोलीची स्वतंत्र गणना करून दिली पाहिजे.

२. आधी घराची गळती थांबवा

दारात पंखा बसवून घरातील हवेचा दाब ५० पास्कलने कमी करतात आणि हवा कुठून किती शिरते ते मोजतात. यालाच ब्लोअर डोअर चाचणी म्हणतात. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘मास सेव्ह’ कार्यक्रमातून घराची ऊर्जा तपासणी विनामूल्य होते आणि इन्सुलेशनच्या खर्चाचा मोठा भाग अनुदानातून मिळतो. ॲटिकचा (छपराखालच्या माळ्याचा) तळ आणि बेसमेंटच्या भिंतीचा वरचा काठ ही दोन ठिकाणे सर्वप्रथम बंद करावीत.

जुन्या घरांत दोन अडथळे येतात. भिंतींत शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे, चिनी मातीच्या खुंट्यांवर ताणलेले वायरिंग अजून चालू असेल, तर ते बदलल्याशिवाय तिथे इन्सुलेशन भरता येत नाही. ॲटिकमध्ये व्हर्मिक्युलाइट या इन्सुलेशनसाठी वापरलेल्या खनिजाचे चमकदार खडे पसरलेले दिसले, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरून त्यांना हात लावू नका. या कामांना महिने लागू शकतात, म्हणून बॉयलर बंद पडण्याची वाट न पाहता वसंत ऋतूतच सुरुवात करणे श्रेयस्कर.

३. घरातील सध्याच्या व्यवस्थेनुसार प्रकार ठरवा

घरात फर्नेस आणि डक्ट (गरम हवा खोल्यांत नेणारे मार्ग) असतील, तर तेच डक्ट वापरणारा मध्यवर्ती हीट पंप सोयीचा पडतो. मात्र हीट पंपाची हवा फर्नेसच्या हवेपेक्षा कमी गरम असल्याने तिला मोठ्या प्रमाणात वाहावे लागते, त्यामुळे डक्ट पुरेसे रुंद आहेत का आणि त्यांचे सांधे गळतात का, हे आधी मोजून घ्यावे.

घरात गरम पाण्याने खोली तापवणारे बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याशी बसवलेले) किंवा रेडिएटर असतील, तर प्रश्न अवघड होतो. ही उपकरणे १६० ते १८० अंश फॅरेनहाइट तापलेल्या पाण्यासाठी आखलेली असतात आणि बाजारातील बहुतेक एअर-टू-वॉटर (हवेतील उष्णतेने पाणी तापवणारे) हीट पंप एवढे गरम पाणी देत नाहीत. म्हणून अशा घरांत बहुधा भिंतीवरील डक्टविरहित युनिटे बसवली जातात. येथे एक मोह टाळावा, तो म्हणजे प्रत्येक लहान खोलीत एक युनिट आणि ती सगळी बाहेरच्या एकाच मोठ्या यंत्राला जोडलेली, ही रचना. लहान बेडरूमची गरज ताशी दोन-तीन हजार बीटीयू असताना तिथले युनिट सहा हजारांचे असते, आणि एकाच खोलीला उष्णता हवी असली तरी बाहेरचे मोठे यंत्र चालू करावे लागते. शक्य तिथे एका बाहेरच्या यंत्राला एकच आतले युनिट जोडणे, आणि लहान खोल्यांच्या समूहासाठी ॲटिकमधून छोटे डक्ट काढणे, हे मला अधिक योग्य वाटते.

मॉडेल निवडताना जाहिरातीतील क्षमता पाहू नका. ती ४७ अंश फॅरेनहाइटला मोजलेली असते. ‘नॉर्थईस्ट एनर्जी एफिशियन्सी पार्टनरशिप्स’ या संस्थेची थंड हवामानातील हीट पंपांची यादी सर्वांसाठी खुली आहे, आणि तिच्यात प्रत्येक मॉडेल ५ अंश फॅरेनहाइटला किती उष्णता देते हे नोंदवलेले असते. तो आकडा आपल्या घराच्या गरजेशी जुळवावा.

४. गरम पाणी आणि विजेचे पॅनल विसरू नका

बॉयलर काढल्यावर आंघोळीचे पाणी कोण तापवणार, हा प्रश्न आश्चर्यकारकरीत्या उशिरा विचारला जातो. हीट पंप वॉटर हीटर हा त्याचा चांगला पर्याय आहे. तो बेसमेंटमधील हवेतून उष्णता घेतो आणि उन्हाळ्यात तिथला दमटपणाही कमी करतो. बहुतेक मॉडेलांना २४० व्होल्टची स्वतंत्र जोडणी लागते. त्याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून संपूर्ण घराच्या विजेच्या भाराची गणना करून घ्यावी. १०० ॲम्पिअरचे पॅनल नेहमीच अपुरे पडते असे नाही. गणना न करता २०० ॲम्पिअरच्या पॅनलचा खर्च मान्य करू नये.

५. पैशांचा प्रामाणिक हिशेब मांडा

८२ टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमधील एक गॅलन तेलाइतकी उष्णता देण्यासाठी, सरासरी २.७ पट उष्णता देणाऱ्या हीट पंपाला सुमारे १२.३ युनिट वीज लागते. आपल्या बिलातील वितरणासह पूर्ण दराला १२.३ ने गुणा. वीज ३० सेंटला पडत असेल, तर उत्तर ३.७० डॉलर येते, आणि तेल त्याहून स्वस्त मिळत असेल, तर चालवण्याच्या खर्चात बचत होणार नाही. हे आधीच जाणून घेतलेले बरे. मॅसॅच्युसेट्समधील मोठ्या वीज कंपन्यांनी हीट पंप असलेल्या घरांसाठी नोव्हेंबर ते एप्रिल असा सवलतीचा हिवाळी दर आणला आहे. त्यासाठी नाव नोंदवले आहे ना, याची खात्री करा.

२०२२ च्या केंद्रीय कायद्यातील ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही, पण जुन्या माहितीपत्रकांत ती अजून दिसते. राज्यांची अनुदाने चालू आहेत, परंतु त्यांच्या रकमा आणि अटी दरवर्षी बदलतात, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी त्या वर्षाचे नियम वाचावेत. किमान तीन कंत्राटदारांकडून लेखी दरपत्रके घ्यावीत, आणि उष्णतेची गणना न जोडणाऱ्याला बाजूला ठेवावे.

६. बसवणीवर लक्ष ठेवा

बाहेरचे यंत्र साचणाऱ्या बर्फाच्या पातळीपेक्षा उंच स्टँडवर आणि छपराची पागोळी थेट पडणार नाही अशा जागी हवे. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर नायट्रोजन भरून दाबाची चाचणी व्हावी, नंतर व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (नळ्यांत उरलेल्या दाबाचे माप) खाली नेऊन तो टिकतो का ते पाहावे, आणि त्यानंतरच रेफ्रिजरंट सोडावा. या दोन्ही चाचण्यांचे आकडे लिहून मागण्यात संकोच करू नका; रेफ्रिजरंटची गळती बहुधा घाईने केलेल्या सांध्यांतूनच होते.

७. पहिला हिवाळा

तेलाच्या बॉयलरची सवय असलेले लोक रात्री थर्मोस्टॅट बराच खाली आणतात आणि पहाटे एकदम वाढवतात. हीट पंप संथ आणि सलग चालला तरच काटकसरीने चालतो, म्हणून सोसवेल ते तापमान ठरवून ते तसेच राहू द्यावे. ‘ऑटो’ऐवजी ‘हीट’ हा पर्याय निवडावा. बाहेरच्या यंत्रातून मधूनमधून वाफेचा लोट उठतो आणि आतली हवा काही मिनिटे थांबते. ते कॉइलवरील बर्फ वितळवणे असते, बिघाड नव्हे. आतल्या युनिटच्या जाळ्या दर काही आठवड्यांनी धुवाव्यात. बॉयलर नसल्याने बेसमेंट पूर्वीपेक्षा थंड राहते, तेव्हा बाहेरच्या भिंतीलगतच्या पाण्याच्या नळांवर लक्ष असू द्या.

८. टाकी काढणे

चालू स्थितीतील बॉयलर पहिला हिवाळा राखीव ठेवण्यास हरकत नाही. पुढे तो काढायचे ठरले, की प्रथम तेल कंपनीची आपोआप होणारी भरणी लेखी पत्राने रद्द करा. मॅसॅच्युसेट्समध्ये टाकी काढण्यासाठी अग्निशमन विभागाचे परमिट लागते आणि उरलेले तेल व गाळ परवानाधारक माणसानेच न्यावा लागतो. टाकीबरोबरच भिंतीबाहेर डोकावणारा तेल भरण्याचा पाइपही काढून ते भोक बुजवून घ्या. टाकी गेली पण पाइप राहिला, आणि चुकीच्या पत्त्यावर आलेल्या ट्रकने त्यातून शेकडो गॅलन तेल थेट बेसमेंटमध्ये ओतले, असे प्रकार या भागात घडलेले आहेत, आणि मुरलेले तेल काढण्याचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो. धुराडे दुसऱ्या कोणत्याही उपकरणासाठी वापरात नसेल, तर ते वरून झाकावे. टाकी काढल्याचा दाखला घराच्या कागदपत्रांत ठेवून त्याची एक प्रत विमा कंपनीला पाठवावी, कारण घर विकताना खरेदीदाराचा वकील तो मागतो.