पिकावरच्या बुरशीत नवीन व्हायरस कसा शोधायचा

आधी बुरशी गोळा करा, आणि प्लेटवर रडतखडत वाढणारी, कडा वेड्यावाकड्या, स्पोर (बीजाणू) कमी देणारी जी कल्चरं लोक फेकून देतात ना, ती मुद्दाम ठेवा. पण नुसत्या दिसण्यावर जाऊ नका, बहुतेक मायकोव्हायरस (बुरशीत राहणारे व्हायरस) बुरशीला काहीच करत नाहीत, त्यामुळे ठणठणीत वाटणारी कल्चरं पण घ्या.

मीडियावर सेलोफेन टाकून बुरशी वाढवा म्हणजे मायसेलियम (बुरशीच्या धाग्यांचं जाळं) अलगद खरवडता येतं, मग लिक्विड नायट्रोजनमध्ये कुटायचं. जुनी पद्धत म्हणजे १६ टक्के इथेनॉलमध्ये सेल्युलोजवर डबल स्ट्रँडेड (दोन पदरी) आरएनए, म्हणजे व्हायरस असल्याची खूण, पकडायचा, डीएनेझ आणि एस१ न्यूक्लिएझ (डीएनए आणि एकपदरी आरएनए खाणारी एन्झाइम) मारायचं आणि जेल चालवायचं. पट्टे दिसले की आरएनेझ ए (आरएनए तोडणारं एन्झाइम) लावून बघा, जास्त मिठात टिकले आणि कमी मिठात गेले तर समजा तो डबल स्ट्रँडेड आरएनएच आहे. मात्र डीएनए व्हायरस यात सुटतात, आणि ते असतात बरं का, २०१० मध्ये स्क्लेरोटिनिया नावाच्या बुरशीत एक सापडलाच होता.

म्हणून जमलं तर सोबत आरएनए सिक्वेन्सिंग करा. यात पॉली-ए वाली लायब्ररी (टोकाला 'ए' अक्षरांची शेपटी असलेलेच आरएनए निवडणारी) घेऊ नका, कारण कित्येक मायकोव्हायरसना ती शेपटी नसतेच, त्यापेक्षा रायबोसोमल आरएनए काढून टाका. असेंब्ली (सिक्वेन्सचे तुकडे जोडणं) झाली की ब्लास्टएक्सवर (प्रथिनांच्या डेटाबेसशी जुळवणारं टूल) आरडीआरपी जीन (व्हायरसचा आरएनए कॉपी करणाऱ्या एन्झाइमचं) शोधा. लांब काँटिगमध्ये (जोडून बनलेल्या सिक्वेन्समध्ये) जागोजागी स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारे संकेत) दिसले की लगेच कचरा म्हणू नका, मायटोव्हायरस असू शकतो, तो मायटोकाँड्रियात राहतो आणि तिथे यूजीए हा कोडॉन स्टॉप नसून ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) असतो, तेव्हा जेनेटिक कोड ४ (बुरशीच्या मायटोकाँड्रियाचा कोड) लावून परत बघा.

आता बरेच जण इथेच थांबून नवीन व्हायरस म्हणून जाहीर करतात, माझ्या मते ही घाई आहे. मूळ कल्चरमधून आरटी-पीसीआर (आरटी म्हणजे आरएनएचा डीएनए करणं, मग पीसीआरने त्याच्या प्रती वाढवणं) करा, आणि आरटी न करता पण एकदा पीसीआर लावा, त्यातही बँड आला तर तो बुरशीच्या जीनोममध्ये घुसलेला जुना तुकडा असू शकतो. व्हायरसच्या सिक्वेन्सची दोन्ही टोकं रेसने (टोकं वाचायची पद्धत) पूर्ण करा.

बुरशीवर परिणाम दाखवायचा असेल तर तीच स्ट्रेन व्हायरसमुक्त करून घ्या (हायफल टिप म्हणजे हायफा या धाग्याचं टोक घेऊन, सिंगल स्पोरपासून, नाहीतर रिबाव्हिरिन हे व्हायरसविरोधी औषध देऊन), व्हायरसवाली आणि मुक्त दोन्ही पानावर टोचून डाग मोजा आणि मग व्हायरस परत घालून बघा. युरोपात चेस्टनटच्या बुरशीवर असाच रोगाचा जोर कमी करणारा व्हायरस वापरलाय. परत घालायला दोन्ही कल्चर शेजारी लावली की हायफा जुळून तो पलीकडे जातो, पण स्ट्रेन व्हेजिटेटिव्हली जुळणाऱ्या (धागे एकमेकांशी जोडू देणाऱ्या) नसतील तर मध्ये मेलेल्या पेशींची रेघ पडते आणि व्हायरस सहसा अडकतो, मग प्रोटोप्लास्ट (भिंत काढलेल्या पेशी) करून आत घालावा लागतो.